खाऱ्या मातीतले बीट : एका परसाचा अभ्यास

कला शाखेच्या वार्षिक अंकात बिटाच्या लागवडीवर लेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. ‘हा लेख कृषी महाविद्यालयाच्या अंकात अधिक शोभला असता,’ असे माझ्या एका मैत्रिणीने मला तोंडावर सांगितलेही. तिला दिलेले उत्तर येथे पुन्हा देते. भूगोलाच्या परीक्षेत ‘क्षारयुक्त मृदा’ या विषयावर मी दोनदा टीप लिहिली आणि दोन्ही वेळा बरे गुण मिळवले. परंतु आमच्या रोडपालीच्या घरामागची माती हीच ती क्षारयुक्त मृदा, हे मला बिटाच्या बियांच्या एका पाकिटाने शिकवले. पुस्तकातले प्रकरण आणि परसातली माती यांची गाठ कशी पडली, हे सांगावे आणि ज्यांच्या घरामागे अशीच माती आहे त्यांना काही उपयोगी माहिती द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गाव आणि परस

रोडपाली हे पनवेल तालुक्यातले, कळंबोलीला लागून असलेले गाव. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि गाव तिच्या हद्दीत गेले. आज चहूबाजूंनी इमारती आहेत. पण खाडी जवळ आहे आणि जमीन सखल आहे. एके काळी येथे खारभाताची खाचरे होती. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. (कुलाब्याचे रायगड हे नामांतर १९८१ सालचे.) जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. हा इतिहास आपल्या महाविद्यालयातील निम्म्या विद्यार्थ्यांच्या घरचा आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

आमचीही खाचरे त्यात गेली. उरले ते घर आणि घरामागचे सुमारे पंधरा फूट लांब व बारा फूट रुंद परस. त्यात एक नारळ, मचूळ पाण्याची एक विहीर आणि बाकी मोकळी माती. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी पापुद्री धरते. मिरच्या, मेथी, घेवडा असे सगळे आईने लावून पाहिले; नारळाखेरीज काही टिकले नाही.

त्यामुळे बाबांनी ठरवले की परसात दोन खोल्या काढायच्या. तळोज्याच्या कारखान्यांत आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला येणारी माणसे भाड्याने जागा शोधतच असतात. ‘ज्या मातीत काही उगवत नाही ती मोकळी ठेवून काय मिळणार?’ हा बाबांचा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हते. शिवाय माझी फी पुढच्या खोलीच्या भाड्यातूनच भरली जाते, हेही मला ठाऊक होते.

फसलेली पेरणी

२०२४ च्या फेब्रुवारीत पनवेलच्या बाजारातून मी बिटाच्या बियांचे एक पाकीट आणले. खास विचार काही नव्हता. पाकिटावरचे चित्र छान होते. जात होती ‘डेट्रॉईट डार्क रेड’. आपल्याकडे ही आणि ‘क्रिमसन ग्लोब’ या दोन जाती जास्त करून मिळतात. माती खणली, शेणखत घातले, सरी-वरंबे केले आणि वरंब्याच्या माथ्यावर ६० बिया टोचल्या. विहिरीचे पाणी झारीने रोज घातले.

वीस दिवसांत नऊ ठिकाणी कोंब दिसले. त्यातले पाच करपले. राहिलेल्या चारांची मुळे एप्रिलमध्ये उपटून पाहिली तर उंदराच्या शेपटीएवढी. वरंब्याच्या माथ्यावर मात्र पांढरी रेघ उठली होती. बोटाला लावून चाखली, तर मीठ.

बाबा काही बोलले नाहीत. आजी मात्र वरंब्याजवळ बसली, माती चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, “बी मेलं नाय गो. मिठान दाबून धरलंय.”

आजीचे खारभात

आजी या मातीत चाळीस वर्षे भात लावत होती. तिने जे सांगितले ते मी प्रथम गोष्ट म्हणून ऐकले आणि नंतर पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिले.

खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालीत. बांधाला उघाडी असे. भरतीला ती बंद, ओहोटीला खुली. पहिल्या पावसाचे पाणी खाचरात कोंडायचे, त्यात मीठ विरघळू द्यायचे आणि ओहोटीच्या वेळी ते उघाडीतून सोडून द्यायचे. असे दोन-तीनदा केल्यावर माती ‘गोडी’ होई. मग मोड आणलेले भात चिखलावर फेकायचे. याला रहू म्हणतात. भाताची जात असे राता, लालसर दाण्याची. “पावसान धुवल्याबिगर खारीत बी टाकीत नाय,” हे तिचे सूत्र.

पुस्तकाची भाषा निराळी आहे. म्हणणे तेच आहे. खाऱ्या जमिनीत खाली खारट पाणी असते. पाऊस थांबला आणि ऊन तापले की ते मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, जसे दिव्याच्या वातीतून तेल चढते. पाणी उडून जाते, मीठ वर राहते. पनवेलला वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो हे मीठ पुन्हा खाली ढकलतो. म्हणजे एकच माती सप्टेंबरात गोडी आणि मे महिन्यात खारी असते. मी फेब्रुवारीत पेरले, तेही वरंब्याच्या माथ्यावर आणि मचूळ पाण्यावर. ओल सरीतून वरंब्यात शिरते आणि माथ्याकडे सरकते. त्यामुळे मीठही माथ्यावरच गोळा होते. तीन चुका मी एकाच वेळी केल्या होत्या.

आपल्या पनवेलमध्येच दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ या मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती तेथूनच आल्या. आजीचा राताही तेथे अभ्यासला गेला आहे. ‘काळा राता’ आणि ‘भुरा राता’ ही नावे तेथल्या कामात आढळतात. आपल्या गावची माती कोणाच्या तरी संशोधनाचा विषय आहे, हे कळल्यावर मला त्या पांढऱ्या पापुद्रीचा राग येईनासा झाला.

बिटाचे कूळ

आता प्रश्न असा की, मिरची-मेथी हरली तेथे बिटाने का जिंकावे? उत्तर त्याच्या कुळात आहे. आपले लाल बीट, साखरेचे पांढरे बीट आणि युरोपात जनावरांना घालतात ते बीट, ही सर्व एकाच रानटी वनस्पतीची वंशावळ. ती वनस्पती भूमध्य समुद्राच्या आणि युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर, लाटांचे तुषार अंगावर घेत आजही वाढते. प्राचीन काळी माणसे तिची पाने खात. गोल, लाल कंद युरोपात रुळला तो सोळाव्या शतकाच्या पुढे. १७४७ साली मार्कग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बिटात उसासारखीच साखर असल्याचे दाखवले, त्याचा शिष्य आखार्ड याने शतकाच्या वळणावर पहिला कारखाना काढला, आणि नेपोलियनच्या युद्धकाळात वेस्ट इंडीजची साखर बंद झाल्यावर फ्रान्सने बिटाची लागवड सरकारी बळाने वाढवली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा भाग ठाऊक असेल. एक गोष्ट मात्र मला नवी होती : इंग्लंडात साखरबिटाच्या शेतात साधे मीठ खत म्हणून टाकीत असत. समुद्रकाठच्या पूर्वजांची सवय या पिकाने सोडलेली नाही.

१९७७ साली मास आणि हॉफमन या अमेरिकी संशोधकांनी निरनिराळी पिके किती मीठ सोसतात याचा तक्ता मांडला. मातीतून काढलेल्या पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून खारटपणा मोजतात. मीठ जास्त, तर वीज जास्त वाहते. मोजण्याचे एकक डेसिसायमन प्रति मीटर. ज्या आकड्यापर्यंत पिकाचे उत्पन्न घटत नाही, तो त्याचा उंबरठा समजावा. काही आकडे असे :

घेवडा १.०
गाजर १.०
कांदा १.२
मुळा १.२
पालक २.०
टोमॅटो २.५
भात ३.०
बीट ४.०
साखरबीट ७.०

माती ४ च्या वर गेली की तिला शास्त्रात ‘क्षारयुक्त’ म्हणतात. म्हणजे जेथे घेवडा केव्हाच मान टाकतो, तेथे बीट उंबरठ्यावर उभे असते; आपल्या भाताच्याही ते एक पायरी पुढे आहे. परंतु या तक्त्याखाली एक महत्त्वाची सूचना असते, ती विसरू नये. हे बळ मोठ्या झालेल्या बिटाचे. उगवतीच्या वेळी बीट नाजूक असते; तेव्हा खारटपणा ३ च्या वर नसावा. माझ्या पहिल्या पेरणीचे मरण याच एका ओळीत होते. आजी मोड आणून भात का फेकीत होती, याचेही कारण तेच. लहानपण सांभाळले की पुढचे पीक सांभाळते.

बी नव्हे, बियांची गाठ

पाकिटात जे खडबडीत, मातकट दाणे असतात त्यांना आपण बी म्हणतो. वास्तविक ती एक गाठ आहे. बिटाची दोन-चार फुले एकमेकांना चिकटून वाळतात आणि त्यांची फळे मिळून ही गाठ बनते. तिच्या आत दोन ते चार-पाच खऱ्या बिया असतात. म्हणून एका जागी एकच दाणा टोचला तरी रोपे मात्र तीन-तीन निघतात. पहिल्यांदा पेरणाऱ्याला वाटते की हात चुकून जास्त बी पडले.

या गाठीच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्ये असतात. ती पाण्याने धुऊन निघतात. म्हणून पेरण्यापूर्वी बी गोड्या पाण्यात दहा-बारा तास भिजवावे आणि मधून पाणी बदलावे. पहिले पाणी चहासारखे तांबूस होते; ते फेकून द्यावे.

दुसरी पेरणी

बाबांकडून मी एक पावसाळा आणि एक हिवाळा मागून घेतला. खोल्यांचे काम दिवाळीनंतर सुरू व्हायचे होते, ते होळीपर्यंत पुढे गेले.

२०२४ च्या जूनमध्ये आजीच्या सांगण्यावरून परसाच्या दहा फूट लांब व चार फूट रुंद भागाभोवती वीतभर उंचीचा मातीचा बांध घातला आणि आतली माती टिकावाने खणून ठेवली. पावसाचे पाणी त्यात तुंबायचे. जोराचा पाऊस थांबला की एका कोपऱ्याचा बांध फोडून ते गटाराकडे सोडायचे आणि पुन्हा बुजवायचे. ही आमची उघाडी. कळंबोलीत सिडकोने भरतीच्या वेळी पाणी साठवून ओहोटीला सोडण्यासाठी धारण तलाव केले आहेत. त्यांचे तत्त्व आणि आजीच्या उघाडीचे तत्त्व एकच, हे पावसात भिजता भिजता माझ्या ध्यानात आले. नकाशावर धारण तलाव मी अनेकदा रंगवला होता.

ऑक्टोबरात पाऊस गेला. माती वाफशावर आल्यावर तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळले. ताजे शेण घालू नये. कंदाला फाटे फुटतात. ढेकळे हाताने फोडली, कारण दगड किंवा ढेकूळ आडवे आले की मूळ वाकडे होते. एक-एक फुटावर बुटके वरंबे काढले. या वेळी पेरणी माथ्यावर केली नाही. वरंब्याच्या बगलेवर, म्हणजे सरीतल्या ओलीच्या किंचित वर केली. मीठ माथ्यावर चढते, बी बगलेत सुरक्षित राहते.

बी भिजवून, धुऊन, ओल्या गोणपाटात तीन दिवस गुंडाळून ठेवले. गाठींच्या तोंडाशी पांढरे टोक दिसू लागले तेव्हा, ५ नोव्हेंबरला, ६० गाठी पेरल्या. खोली बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, दीड ते दोन सेंटिमीटर. दोन गाठींत चार बोटे अंतर. वर भाताचा पेंढा पातळ पसरला, कारण मातीवर ऊन कमी पडले की पाणी कमी उडते आणि मीठ कमी चढते. पाणी नळाचे, गोडे. पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे, माती कधीच सुकू न देता. मातीत ओल असली की मीठ पातळ राहते. माती सुकली की तेच मीठ दाट होऊन कोंबाला पोळते.

पाचव्या दिवशी पेंढ्याखाली पहिला कोंब दिसला. त्याचा दांडा गुलाबी होता. पंधराव्या दिवशी मोजणी केली : ६० पैकी ५१ गाठी उगवल्या होत्या आणि रोपे होती ११८. कोंब वर आल्यावर पेंढा ओळीवरून काढून सरीत सरकवला. चिमण्या कोवळी पाने टोचतात म्हणून जुनी मासेमारीची जाळी वर ताणली. आमच्याकडे जाळ्याला तोटा नाही.

विरळणी

येथे आमच्या घरात मतभेद झाला. एका गाठीतून आलेली दोन-तीन रोपे एकमेकांना चिकटून वाढली तर कोणाचाच कंद भरत नाही. चार पाने झाली की एका जागी एकच रोप ठेवून बाकीची काढावी लागतात आणि दोन रोपांत आठ ते दहा सेंटिमीटर अंतर राखावे लागते. आजी ऐकेना. ज्या मातीत इतकी वर्षे काही उगवले नव्हते, तेथे उगवलेले जिवंत रोप उपटायचे, हे तिला पटत नव्हते. “जितं रोप उपटाचं व्हय?” म्हणून ती उठून गेली.

युरोप-अमेरिकेत बिटाच्या शेतात हेच काम मजूर दिवसचे दिवस कंबर वाकवून करीत. १९४८ साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात साव्हित्स्की या संशोधकाला साखरबिटाच्या शेतात गाठीऐवजी सुटे, एकेकटे बी धरणारी मोजकी झाडे सापडली. त्यांच्यापासून पुढे एकबीजी साखरबीट तयार झाले आणि विरळणीचे कष्ट सरले. आपल्या पाकिटातले भाजीचे बीट मात्र बहुधा अजून गाठीचेच असते.

शेवटी तोड अशी निघाली. रोपे उपटायची नाहीत. उपटताना शेजारच्या रोपाचे मूळ हलते, हे आजीचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. जास्तीची रोपे नखाने जमिनीलगत खुडायची. त्या कोवळ्या पाल्याची आजीने कांदा आणि जवळा घालून भाजी केली. ती परसातली आमची पहिली भाजी. बाबांनी दोन वेळा वाढून घेतली आणि कोठली म्हणून विचारले.

विरळणीनंतर काम थोडे असते. आठवड्यातून एकदा खुरपून तण काढावे. खुरपे खोल घालू नये, कंद जखमी होतो. कंदाचा वरचा भाग मातीबाहेर डोकावू लागतो, तो स्वाभाविक आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे आपण खातो त्या कंदाचा वरचा हिस्सा मुळाचा नसून मूळ आणि पाने यांमधल्या दांड्याचा असतो. पाणी कधी भरपूर, कधी मुळीच नाही असे केले तर कंद तडकतो. पानांवर तांबड्या कडांचे गोल ठिपके दिसले तर ती पाने तोडून दूर टाकावीत. ही बुरशी आहे. पानात पांढरट नागमोडी रेघा दिसल्या तर आत पाने पोखरणारी अळी आहे. तेही पान खुडावे. आमच्याकडे दोन्ही झाले आणि दोन्ही हाताने आटोक्यात राहिले.

काढणी आणि रक्ताचा प्रश्न

६६ व्या दिवशी, १० जानेवारी २०२५ रोजी, पहिले बीट उपटले. लिंबापेक्षा मोठे आणि मोसंब्यापेक्षा लहान, म्हणजे पाच ते सात सेंटिमीटर व्यासाचे बीट काढावे. त्याहून वाढू दिले तर ते चोथट होते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थोडे थोडे काढत राहिलो. ५१ पैकी ४६ झाडांना खाण्याजोगा कंद धरला आणि एकूण वजन सव्वापाच किलो भरले. बाजारभावाने पाहिले तर ही रक्कम खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याएवढी असेल. हिशेब लपवण्यात अर्थ नाही.

शेजारच्या बायका पाहायला आल्या. त्यांतल्या दोघींनी ‘अंगात रक्त कमी आहे’ म्हणून बीट मागून नेले. येथे एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. बिटाचा रंग रक्तासारखा आहे. पण तो रंग बीटालेन या गटातल्या द्रव्याचा आहे आणि त्याचा रक्ताच्या लाल रंगाशी काही संबंध नाही. तोच गट बिटाच्या कुळातल्या लाल माठात आहे, तसाच बोगनवेलीच्या फुलांतही आहे. १०० ग्रॅम कच्च्या बिटात लोह सुमारे ०.८ मिलिग्रॅम असते, पाल्यात सुमारे अडीच मिलिग्रॅम. रक्त बनण्यास लागणारे फोलेट बिटात चांगले आहे, ही त्याची खरी जमेची बाजू. तेव्हा बीट जरूर खावे आणि पाला फेकू नये. परंतु डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांऐवजी बीट, असे कोणी करू नये. त्या दोघींना मी हे सांगितले. एकीने मानले, दुसरी हसली. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी बीट व पाला बेताने खावा, कारण दोन्हींत ऑक्झलेट असते. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते, त्याला भिऊ नये.

चवीबद्दल एक गंमत सांगते. बिटाला मातीचा वास येतो म्हणून ते कित्येकांना आवडत नाही. तो वास जिओस्मिन या द्रव्याचा. पहिल्या पावसात जमिनीतून जो सुगंध उठतो, त्यातही तेच द्रव्य असते. मृद्गंधावर कविता लिहिणाऱ्या आमच्या मराठी विभागाने तरी बिटाला नाक मुरडू नये.

बी का धरले नाही?

आजीचा नियम असा की चांगल्या पिकाचे बी घरचे ठेवायचे. वालाचे बी ती राखेत घालून मडक्यात ठेवते. त्याच वालाची पोपटी आम्ही थंडीत लावतो. म्हणून तिने दोन बिटे न उपटता राखून ठेवली आणि त्यांना फुले येण्याची वाट पाहिली. मार्च गेला, एप्रिल गेला. पाने जाड झाली, कंद लाकडासारखा झाला. फूल काही आले नाही. जूनच्या पावसात दोन्ही कुजली.

याचे कारण मी नंतर वाचले. बीट हे द्विवर्षायू पीक. पहिल्या वर्षी ते कंदात अन्न साठवते आणि दुसऱ्या वर्षी फुलते. मध्ये त्याला काही आठवडे सुमारे चार ते दहा अंश सेल्सिअसची थंडी मिळावी लागते. ती मिळाल्याखेरीज हिवाळा होऊन गेला हे त्याला कळतच नाही. आपल्या पनवेलच्या थंडीत शाल लागते, पण तेवढ्याने बिटाचे समाधान होत नाही. म्हणून अशा थंड हवेच्या भाज्यांचे बी कुलू खोऱ्यासारख्या डोंगराळ भागात तयार होते. तेथे कात्राईन येथे भारतीय कृषी संशोधन संस्थेचे केंद्र आहे. निलगिरीच्या थंडीत बी धरणारी ‘ऊटी-१’ ही जातही तामिळनाडू कृषी विद्यापीठाने काढली आहे. रोडपालीला मात्र दर वर्षी पाकीट विकत आणावे लागणार.

आजीला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की बांध कधी घालायचा. पावसाला आठ दिवस होते.

समारोप

या अभ्यासातून काय निघाले, ते थोडक्यात मांडते. खाऱ्या मातीत बीट येते, कारण ते समुद्रकाठचे आहे. परंतु त्याचे लहानपण गोड्या मातीत जावे लागते. ती गोडी मिळवण्यासाठी पाऊस कोंडून मीठ धुवावे, पाऊस सरताच पेरावे, बी धुऊन मोड आणून लावावे, वरंब्याच्या बगलेवर लावावे, गोडे पाणी द्यावे आणि माती झाकलेली ठेवावी. यातले निम्मे आजीने सांगितले आणि निम्मे पुस्तकाने. दोघांपैकी एकालाच विचारले असते, तर पेरणी पुन्हा फसली असती.

बाबांनी खोल्यांचा बेत सोडलेला नाही आणि त्यांनी तो सोडावा असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. २०२५ च्या होळीनंतर एका खोलीचा पाया घातला. दुसरीची आखणी करताना त्यांनी दोरी स्वतःच चार फूट आत घेतली. विहिरीकडचा दहा फुटांचा पट्टा मोकळा राहिला. त्याबद्दल घरात कोणी काही बोलले नाही. गवंड्याने विचारले तेव्हा ‘तेथे बीट आहे’ एवढेच बाबांनी सांगितले.

आपल्या महाविद्यालयात उरण, उलवे, खारघर, कामोठे येथून येणारे अनेक विद्यार्थी आहेत. ज्यांच्या घरामागे पांढरी पापुद्री धरणारी माती असेल त्यांनी पावसापूर्वी एक छोटा बांध घालून पाहावा. बांध कसा फोडायचा आणि केव्हा बुजवायचा हे लिहून समजत नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, आणि ती माणसे आहेत तोवर विचारावे.

(तृतीय वर्ष कला, भूगोल)